हार्वेस्टचा लिलाव, अनारशांचा डबा आणि "न्याय करू नका"

गोदातीर

जय ख्रिस्त मंडळी. एरवी मी रोमात (नुसता वाचत, न लिहिता) असतो, पण आठवडाभर एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय.

गेल्या रविवारी आमच्या मंडळीचा (म्हणजे चर्चचा) हार्वेस्ट झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षातून एकदा घराघरातून लोक काही ना काही आणतात. शेती असेल तर पीक, नसेल तर घरी केलेलं काहीतरी. वेदीपुढे मांडतात, प्रार्थना होते, आणि उपासना सुटली की आवारात मांडवाखाली त्याचा लिलाव. पैसे चर्चच्या कामाला. नाशिक म्हटल्यावर द्राक्षं आलीच. बाजारात चारशेला मिळेल अशी पेटी यंदा साडेतीन हजारांना गेली. एक गावठी कोंबडा अकराशेला सुटला, घेणाऱ्याने तिथेच तो परत दान केला, तर पुन्हा नऊशेला गेला. वस्तूच्या किमतीसाठी बोली कोणीच लावत नाही, सगळा हौसेचा मामला.

मग अनारशांचा डबा आला. स्टीलचा, कडीचा. झाकणावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनाने नाव. पुकारणाऱ्या काकांनी सवयीने नाव वाचलं आणि मांडव गप्प झाला.

बाईंचं नाव इथे लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नवऱ्याचं घर सोडलं. आता दुसऱ्या एका गृहस्थांबरोबर राहतात. कोर्टातलं प्रकरण संपलेलं नाही, त्यामुळे लग्न नाही. नवरा आणि सासूबाई आमच्याच मंडळीतले, त्या दिवशीही मांडवात होते. बाई मागच्या बाकावर बसतात, प्रभुभोजनाला पुढे येत नाहीत, शेवटचं गीत संपायच्या आत निघून जातात. त्या दिवशी मात्र थांबल्या होत्या.

"शंभर?" काका म्हणाले. "पन्नास?" कोणीतरी खोकलं. काकांनी डबा दोनदा उचलून दाखवला, मग "बरं, हा नंतर बघू" म्हणत टेबलाखाली ठेवला. पुढे भोपळा होता. भोपळा दोनशे सत्तरला गेला.

माझ्या वरच्या खिशात पाचशेची नोट होती. मी गप्प बसलो.

विचारायचंय ते असं, की अशा वेळी ख्रिस्ती माणसाने नेमकं काय करायचं? दया, क्षमा, न्याय करू नका, हे सगळं लहानपणापासून पाठ आहे. पण त्या मांडवात, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत, काय करायला हवं होतं? सगळ्या धर्मांच्या लोकांनी लिहिलंत तरी चालेल.

तर्रीवाला

भोपळा दोनशे सत्तरला?? मंडळीचा पत्ता द्या. परसात आठ पडलेत.

कुसळ

बायबलातलं मत्तय ७:१ हे बहुधा सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं आणि सगळ्यात कमी पुढे वाचलं जाणारं वचन असावं. "न्याय करू नका" म्हणून लोक पुस्तक मिटतात. त्याच अध्यायात पुढे डुकरांपुढे मोती टाकू नका, असं आहे. त्याच्याही पुढे खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा, असं आहे. मोती कुठे टाकायचे नाहीत हे न्याय केल्याशिवाय कसं कळणार? योहान ७:२४ मध्ये तर येशू म्हणतो, वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा. त्यामुळे डोकं गहाण ठेवा, असा काही या वचनाचा अर्थ होत नाही.

आता माझ्या आयडीचा विषय. आपल्या मराठी बायबलात कुसळ आणि मुसळ आहे, आणि आजी-आजोबांच्या तोंडी हीच म्हण आहे, म्हणून आपण ती म्हणीसारखी ऐकून सोडून देतो. पण पाचवं वचन वाचा. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचं आहे! ते डोळ्यात तसंच राहू द्या, असं कुठेही म्हटलेलं नाही. फक्त ते काढतात कसं, हे आठवा. शेतात ज्वारी काढताना माझ्या डोळ्यात गेलं होतं. आईने डोकं मांडीवर घेतलं, पापणी उलटी केली, पदराचं टोक जिभेने ओलं केलं आणि श्वास रोखून ते टिपलं. दहा फुटांवरून ओरडून कुसळ निघत नाही.

तर्रीवाला

आयडी कुसळ, प्रतिसाद मुसळ. (पण शेवटचा परिच्छेद आवडला.)

खसखस

मी ख्रिस्ती नाही, शेजारचं नाताळचं ताट वर्षानुवर्षं खात आलेय एवढाच संबंध. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, आमच्या दिवाळीसारखंच सगळं, वर केक. आणि सांगू का, अनारसे ही लिलावात टेबलाखाली ठेवायची वस्तूच नाही हो. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास मारतो. मग उपसून सावलीत फडक्यावर पसरायचे, दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ मिसळून गोळा डब्यात मुरत ठेवायचा चार-पाच दिवस. म्हणजे बाईंनी आठवडाभर आधी ठरवलं होतं की यंदा हार्वेस्टला न्यायचं. ऐन वेळी दुकानातून आणलेलं नाही ते.

गोदातीर

@खसखस, हे मला सुचलंच नव्हतं. आठवडाभर आधी.

थेट_दिंडोरी

मला या "न्याय करू नका"चा राग येतो, कारण मी तो वापरला जाताना पाहिलाय. गावाचं, मंडळीचं नाव घेत नाही. कब्रस्तानाच्या भिंतीसाठी वर्गणी जमली. दोन विधवा बायकांनी शिवणकामाचे पैसे दिले होते. भिंत चार फूट वर आली आणि थांबली. हिशेब मागितला तर खजिनदार रजेवर, पावत्या वाळवीने खाल्ल्या. आम्ही तिघांनी मीटिंगमध्ये विषय काढला, तर वडीलधारे उभे राहिले : "बंधूंनो, न्याय करणारा प्रभू आहे, आपण कोण?" टाळ्या. प्रार्थना. चहा. त्या दोघींपैकी एक गेल्या वर्षी वारली, त्याच अर्धवट भिंतीआड पुरली.

तेव्हा धागाकर्त्याला माझा उलटा प्रश्न. आपल्याकडची दया नेहमी वजनदार माणसाकडेच का घरंगळते? खजिनदाराला क्षमा, आणि अनारसेवाली टेबलाखाली.

मनमाड_पॅसेंजर

+१ दिंडोरी. शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवण्यासारखं.

कुसळ

@थेट_दिंडोरी, तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि शास्त्रही तुमच्याच बाजूला आहे. मत्तय १८ मध्ये पायऱ्याच दिल्यात. आधी एकट्याने जाऊन सांग, ऐकलं नाही तर दोघातिघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीपुढे आण. तुमच्या वडीलधाऱ्यांनी तिन्ही पायऱ्या गाळल्या. आणि बाईंच्या बाबतीत पहिलीच पायरी गाळली गेली असणार. @गोदातीर, तीन वर्षांत त्यांच्या घरी कोणी गेलं होतं का?

गोदातीर

माझ्या माहितीत नाही. महिला मंडळातून त्यांना "थोडे दिवस येऊ नका" असा निरोप गेला होता. निरोप फोनवर दिला.

नाशिकरोडची

आम्ही कॅथलिक. बाळ येशूची यात्रा नुकतीच झाली, फेब्रुवारीत असते. मुंबई, वसई, गोवा, कुठून कुठून लोक येतात. पायाला प्लास्टर घातलेले, कुंकू लावलेले, बुरख्यातले, सगळे एका रांगेत. स्वयंसेवक म्हणून मी पाण्याच्या टाकीपाशी उभी असते. अनेक वर्षांत मी कोणाला "तुमचं लग्न चर्चमध्ये झालंय का" असं विचारल्याचं आठवत नाही. ग्लास पुढे करायचा, बस्स.

पोप फ्रान्सिस २०१३ साली ब्राझीलहून परतताना विमानात पत्रकारांना म्हणाले होते, देवाला शोधणाऱ्या, चांगल्या मनाच्या माणसाचा न्याय करणारा मी कोण? जगभर गाजलं ते. मग २०१५च्या डिसेंबरपासून वर्षभर दयेचं वर्ष पाळलं. आमच्याकडे त्या वर्षी प्रवचनं पुष्कळ झाली.

थेट_दिंडोरी

@नाशिकरोडची, रागावू नका, पण लाखभर अनोळखी लोकांना पाणी देणं सोपं. चाळीस घरांच्या मंडळीत, जिचं सगळं माहीत आहे तिला देणं अवघड.

नाशिकरोडची

नाही रागावले. खरं आहे. आमच्या गल्लीत एक आहे, तिच्याशी मी दोन वर्षं बोललेली नाही, आणि कारण विचाराल तर मला ते धड सांगताही येणार नाही. पुढे काही लिहीत नाही.

सटाण्याची_लेक

मला एक कळत नाहीये. एवढे प्रतिसाद झाले, ते "दुसरे गृहस्थ" कुठे आहेत? त्यांचा डबा कुठल्या टेबलाखाली आहे?

गोदातीर

@सटाण्याची_लेक, ते आमच्या मंडळीचे नाहीत. शहरातल्याच दुसऱ्या चर्चमध्ये जातात. गायकवृंदात आहेत.

तर्रीवाला

गायकवृंदात!!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). म्हणजे ती मागच्या बाकावर आणि हे माइकपुढे.

कुसळ

@सटाण्याची_लेक, हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. योहान ८ मध्ये व्यभिचार करताना धरलेली बाई आणतात, "प्रत्यक्ष कर्मात धरली" म्हणतात. मग पुरुष कुठाय? जुन्या करारातल्या लेवीय २०:१० प्रमाणे दोघांनाही शिक्षा होती. एकटीलाच आणलं तिथेच त्यांचा खटला लंगडा झाला. येशू वाकून जमिनीवर बोटाने लिहीत बसतो. काय लिहिलं ते शुभवर्तमानात नाही. मग तो म्हणतो, तुमच्यातला जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. आणि वृद्धांपासून सुरुवात करून एकेक निघून जातो. "वृद्धांपासून" हा शब्द मला फार आवडतो. वय वाढलं की यादी लांबते.

एक पुरवणी : हा उतारा अगदी जुन्या हस्तलिखितांत, उदाहरणार्थ सिनायटिकस आणि व्हॅटिकनसमध्ये, नाही. चौथ्या-पाचव्या शतकातले संत ऑगस्टीन म्हणतात की बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी तो काढून टाकला असावा. म्हणजे येशूने तिला सोडलं, तर लोकांनी तिला पानातूनच काढायचा प्रयत्न केला.

मनमाड_पॅसेंजर

"जा, पुन्हा पाप करू नको" हे शेवटचं वाक्य सगळे सोयीस्कर विसरतात, हेही लिहा की.

कुसळ

लिहितो की. पण क्रम बघा. आधी "मीही तुला दोषी ठरवत नाही", मग ते. आपण क्रम उलटा करतो. आधी सुधारून ये, मग बघू.

अनामिक_आई

मी इतके दिवस फक्त वाचत होते. आता सासूच्या बाजूने लिहिते, कारण मी सासू आहे. वेगळी मंडळी, वेगळं शहर, तीच गोष्ट.

माझी सून गेली तेव्हा नातू सहा वर्षांचा होता. सगळ्यांनी मला क्षमा शिकवली. उधळ्या पुत्राची गोष्ट (पैसे उडवून परत आलेल्या धाकट्यासाठी बाप पुष्ट वासरू कापतो, ती) तर इतक्यांदा ऐकवली की मला त्या पुष्ट वासराची कीव यायला लागली. पण नातवाचा शाळेचा डबा कोण करतंय, हे कोणी विचारलं नाही. त्याला अंघोळ घालताना तो विचारायचा, आई रविवारी येणार का. त्या प्रश्नाला कुठल्या अध्यायात उत्तर आहे ते मला कोणी दाखवलं नाही. त्या गोष्टीतला थोरला भाऊ सगळ्यांना खडूस वाटतो. मला नाही वाटत. शेतात राबून तो घरी येतो आणि त्याला काय चाललंय ते नोकराकडून कळतं. त्याला कोणी बोलवायलाही गेलेलं नसतं. बाप नंतर बाहेर येतो, समजूत घालतो, ते खरं. पण आधी नोकराकडूनच.

आता तुमच्या मांडवात मी असते तर? कोणी त्या डब्याला मोठ्याने पाचशे म्हटलं असतं आणि टाळ्या झाल्या असत्या, तर मी मेल्याहून मेल्यासारखी झाले असते. खरं सांगते. आणि डबा टेबलाखाली गेला तेव्हा मला बरं वाटलं असतं. तेही खरं. घरी जाऊन बरं वाटलं असतं का, ते मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही.

सटाण्याची_लेक

अनामिक_आई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. नातू कसा आहे आता?

अनामिक_आई

अकरावीत आहे. दर रविवारी आईकडे जाऊन येतो. भाजी आवडली नाही की तिची आठवण काढतो, मला चिडवायला.

वकीलबाबा

कायद्याचं अवांतर. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६चा कायदा आहे, जुलै २०१७पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लिलावात अनारशांना बोली न लावणं हा गुन्हा ठरणार नाही, मंडळींनी निर्धास्त असावं. महिला मंडळाचा फोन मात्र मला तितकासा आवडलेला नाही.

तर्रीवाला

वकीलबाबांची फी किती अनारसे?

जुनं_नाशिक

विषय निघालाच आहे तर शरणपूरबद्दल. रोज शरणपूर रोडवरून जाणाऱ्या किती जणांनी त्या नावाकडे कान देऊन ऐकलंय? शरण-पूर. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत वसवली. धर्मांतर केलं म्हणून ज्यांना घरदार, विहीर, हुक्कापाणी बंद झालं, त्यांना राहायला जागा. पुढे इथेच गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं आणली. त्यांना लिहायला-वाचायला, लोहारकाम-सुतारकाम शिकवलं. त्यांना "नाशिक बॉइज" म्हणत. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेतला मिशनरी-शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत होता. १८७३मध्ये लिव्हिंग्स्टन आताच्या झांबियात वारला, तेव्हा तिथल्या झाडावर त्याचं नाव या वेनराइटने कोरलं. सोबत्यांनी प्रेत शेकडो मैल चालत किनाऱ्याला आणलं, आणि १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा खांदेकऱ्यांत हा नाशिकचा पोरगा होता. बाकीच्यांपैकी बरेच जण पुढे मोम्बासाजवळ फ्रिअर टाउनला गेले.

आणखी एक घरचं उदाहरण. लक्ष्मीबाई टिळक, जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षं त्या बाईने काय काय ऐकून घेतलं असेल. नवऱ्याला सोड म्हणणारेही होते, नवऱ्याकडे जा म्हणणारेही. आणि धर्माच्या आधी स्वतःच्या मनातली शिवाशिव कशी गळाली, हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय, स्वतःला हसत हसत.

सांगायचं एवढंच, की इथल्या ख्रिस्ती समाजाची पहिली पिढी वाळीत टाकलेल्यांची होती. त्यांच्याच पणतवंडांच्या मांडवात डबा टेबलाखाली जातो, याची गंमत वाटते. गंमत हा शब्द चुकला. असो.

पोथीवाचक

त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी नेमाने जाणारा मी. पसायदानातलं एकच सांगतो : खळ नष्ट होवोत असं माउलींनी मागितलं नाही, त्यांचा वाकडेपणा सुटो एवढंच मागितलं. बाकी तुमचं चालू द्या.

तर्रीवाला

सिंहस्थ आला की बघा. जगभरातून लोक स्वतःची पापं धुवायला गोदेवर येतात. आपण इथलेच, त्यामुळे सवडीने दुसऱ्याची धुतो.

जुनी_सिस्टर

निवृत्त परिचारिका आहे. नव्वदच्या दशकात ज्या वॉर्डात होते तिथे एचआयव्हीचे पेशंट यायला लागले. कुठलं हॉस्पिटल ते सोडा. वॉर्डबॉय जेवणाचं ताट दारातून पायाने सरकवायचे. आम्ही नर्साही काही देवदूत नव्हतो, दोन-दोन ग्लोव्ह्ज चढवून जायचो आणि जेवणाच्या सुट्टीत कोणाला "कसं लागलं" याच्या गप्पा मारायचो. आमच्या मोठ्या सिस्टर केरळच्या, मराठी मोडकं. एकदा त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "हिस्टरी पेपरवर आहे ना? मग तोंडात कशाला?" एवढंच. मग स्वतः आत जाऊन त्या पेशंटच्या खाटेवर बसल्या, स्टुलावर नाही, खाटेवर, आणि त्याचं नख कापायला घेतलं.

आता खरी गोष्ट. एक माणूस होता, त्याने बाहेरून आणून बायकोला दिला होता. ती बावीस-तेवीसची, व्हरांड्यात तान्हं घेऊन बसलेली. आणि तो आत माझ्यावर खेकसायचा, चहा गार आहे म्हणून. पाठीला मुठीएवढी जखम. मी रोज ख्रिस्ताला म्हणायचे, मला या माणसाची दया येत नाहीये, तूच बघ. आली नाही हो शेवटपर्यंत. ड्रेसिंग मात्र रोज केलं, दोन वेळा, नीट केलं. दया यायची वाट बघत बसले असते तर जखमेत किडे पडले असते.

म्हणून @गोदातीर, तुम्ही त्या मांडवात मनात काय वाटायला हवं होतं हे शोधत बसला आहात, असं मला वाटतं. पन्नास रुपये म्हणायचे होते. वाटायचं नंतर वाटलं असतं, किंवा नसतं.

मनमाड_पॅसेंजर

सिस्टर, नमस्कार तुम्हाला.

कुसळ

यावर माझी बोलती बंद. फक्त एक जुनी गोष्ट ठेवून जातो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात मोशे नावाचे साधू होते, काळेसावळे, आधीचे दरोडेखोर. एका बंधूच्या चुकीसाठी सभा बोलावली. मोशे येईनात. निरोपावर निरोप गेले, तेव्हा गळक्या मडक्यात पाणी भरून, ते पाठीवर घेऊन आले. मागे धार लागलेली. हे काय विचारल्यावर म्हणाले, माझी पापं माझ्या मागे अशी सांडतायत, मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. सभा तिथेच मोडली, त्या बंधूला माफ केलं.

थेट_दिंडोरी

छान. हेच मोशे खजिनदाराच्या मीटिंगला आले असते तर मी त्यांनाही हिशेब मागितला असता.

कुसळ

मागाच. प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात एकाला बाहेर काढायला सांगितलंच होतं. पण दुसऱ्या पत्रात, शिक्षा झालेल्या एकाबद्दल, तोच लिहितो की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. "आता पुरे" म्हणायची तारीख आपल्या मंडळ्यांच्या डायरीत नसते.

गोदातीर

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात.

पहिली. मी वर लिहिलं की मी गप्प बसलो. का, ते लिहिलं नव्हतं. मला त्या बाईंबद्दल वाईट मत नाही. कधीच नव्हतं. माझा आत्येभाऊ आणि त्यांचा नवरा जिवलग मित्र. मी बोली लावली असती तर संध्याकाळपर्यंत चार फोन आले असते, "तुझं काय रे तिच्याशी?" म्हणून. मी तिचा न्याय करत नव्हतो, माझा होईल म्हणून घाबरलो होतो. आणि आता मोजतो तर त्या मांडवात साठ-सत्तर माणसं होती. त्यातली खरोखर तिच्यावर राग असलेली किती? पाच? सात? बाकीचे माझ्यासारखेच खिशात नोट दाबून बसले असणार.

दुसरी. जुनी_सिस्टरांचा प्रतिसाद वाचून काल चर्चच्या आवारात गेलो. डबा सभागृहाच्या कपाटात होता, लिलावाच्या वहीशेजारी. वहीत सगळ्या नगांपुढे रक्कम, या नगापुढे नुसती रेघ. डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. जाताना आधी सासूबाईंच्या घरावरून गेलो, अनामिक_आईंमुळे. त्यांना सांगितलं, मी डबा परत द्यायला चाललोय, तुम्हाला नंतर बाहेरून कळायला नको. त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. चहा टाकला. मग म्हणाल्या, "डब्याची कडी नीट लावून ने, ती सैल आहे. माझाच डबा आहे तो."

बाईंनी दार उघडलं आणि आधी डब्याकडेच पाहिलं. मी काहीतरी बोलायची तयारी करून गेलो होतो, सगळं विसरलो. म्हटलं, मी पाचशे बोली लावतोय, उशिरा. त्या म्हणाल्या, "आता खवट झाले असतील, टाकून द्या." मग म्हणाल्या, "पहिला घाणा हसला होता. हा दुसरा होता."

खसखस

अरे देवा. (ज्यांना माहीत नाही : तुपात अनारसा विरघळून पसरला की तो हसला म्हणतात. गूळ जास्त झाला की होतं. थोडी तांदळाची पिठी घालून सावरतात.) म्हणजे तीन दिवस, पाच दिवस, आणि वर एक घाणा वाया.

तर्रीवाला

मग पाचशेचं काय झालं?

गोदातीर

घेतले नाहीत. म्हणाल्या, लिलाव संपला. हवे असतील तर ऑर्डर द्या, त्या आता घरून करून देतात, दिवाळीत आणि नाताळात. मी एक किलो सांगितले. आगाऊ अर्धे पैसे घेतात.

अनामिक_आई

किलोला काय भाव लावतात?

गोदातीर

साडेसहाशे. साजूक तुपातले.

अनामिक_आई

नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नातवाला आवडतात.

सटाण्याची_लेक

मलाही.

खसखस

मलाही करा. आणि त्यांना सांगा, गूळ चिक्कीचा नको, साधा घ्या. हसणार नाहीत.